चढाला लागलेली गाडी

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की नव्या बोगद्यामुळे कात्रजचा चढ आता जाणवतही नाही. एसी लावलेली गाडी बघता बघता खेड-शिवापूर गाठते आणि घाट कधी आला, कधी गेला हे मागच्या सीटवरच्या माणसाला कळत नाही. ज्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे त्यानं मात्र भोर-वेल्ह्याकडे जाताना जुन्या कात्रज घाटानंच जावं, असं माझं ठाम मत आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला एसटीनं पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ नावाच्या दोन आरामगाड्या सोडल्या होत्या. मॉरिस कमर्शियलच्या चॅसीवर बांधलेल्या या बस आधी कात्रज चढत, कापूरहोळ मागे टाकून नीरा ओलांडत, खंबाटकीला भिडत आणि शेवटी पसरणी चढून पाचगणीला पोचत. एका फेरीत तीन घाट. त्या काळच्या इंजिनाची ताकद, ड्रम ब्रेक आणि दोन्ही हातांनी जोर लावून फिरवायचं भलंमोठं स्टिअरिंग डोळ्यांपुढे आणलं, की त्या चालकांनी रोज काय केलं असेल याचा अंदाज येतो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत या दोन बसची नावं सहसा निघत नाहीत. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. जुन्या गाडीचं मोल आपण तिच्या मालकावरून, दुर्मीळपणावरून आणि क्रोमच्या चकाकीवरून ठरवत आलो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून फिरताना ती मोजपट्टी अपुरी पडते. इथे गाडीचं मोल तिनं कोणता चढ, किती वर्षं आणि कोणासाठी काढला यावरून ठरतं. या मापानं पाहिलं तर आपला मोटारवारसा म्हणजे जीप, ट्रॅक्स, टेम्पो आणि एसटी, आणि नेमक्या याच गाड्या आपण बिनदिक्कत भंगारात घालतो आहोत.

हे म्हणताना राजेरजवाड्यांच्या मोटारींना कमी लेखायचं नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटकडे पाहत राहावं असंच ते यंत्र आहे, आणि ती गाडी आजही स्वतःच्या चाकांवर येते याचं श्रेय ती जपणाऱ्यांना द्यायलाच हवं. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९१९पासून आहे. हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या व्हिंटेज रॅलींनी कितीतरी पोरांना मोटारींचं वेड लावलं. पण या मेळाव्यांचं गणित एका ठरावीक पद्धतीनं चालतं. गाडी ट्रेलरवरून येते, उतरवली जाते, पुसली जाते, परीक्षक शिलाई आणि रंगाचा पोत तपासतात, सपाट रस्त्यावर थोडी फेरी होते आणि गाडी पुन्हा ट्रेलरवर चढते. गाडी चालते का, एवढंच त्यात कळतं. कशी चालते, भर चढावर तापते का, उतारावर ब्रेक धरतात का, दुसऱ्या गिअरमध्ये ओढते का, हे सगळं तिथे गैरलागू ठरतं. मोटार हे काम करणारं यंत्र आहे आणि कामावाचून यंत्राची पारख अर्धीच होते, म्हणून मला भोरचा रस्ता महत्त्वाचा वाटतो.

कापूरहोळला हायवे सोडला की रस्ता भोरकडे वळतो. भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान, नऊ तोफांच्या सलामीचं. १८६९चा राजवाडा अजून गावात उभा आहे आणि चित्रीकरणाच्या निमित्तानं तो पडद्यावर अनेकांनी पाहिलेला असतो. संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं की शौकीन माणसाच्या मनात साहजिकच राजेसाहेबांच्या मोटारींचा विचार येतो. पण या मुलखाचा मोटारींशी संबंध राजवाड्यापुरता कधीच नव्हता. भोर किंवा वेल्ह्याला आजही रेल्वे नाही. इथे जे आलं ते रस्त्यानं आलं आणि जे गेलं तेही रस्त्यानंच गेलं: भाताची पोती, दूध, मुंबईला कामाला जाणारी माणसं, दवाखान्यात न्यायचा आजारी, बोर्डाच्या परीक्षेला जाणारी मुलं. ज्या भागात रेल्वेचा फाटाच नाही, तिथे मोटारगाडीचा इतिहास म्हणजेच त्या भागाचा इतिहास होतो. भोरजवळच वेळवंडी नदीवर १९२८ साली पुरं झालेलं भाटघर धरण आहे. त्याचे जुने स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की अजून आपलं काम करतात, म्हणूनच त्यांच्याविषयी दरवर्षी आस्थेनं लिहिलं-बोललं जातं. धरणाच्या दरवाजाला जो मान आपण देतो, तो त्याच काळापासून या मुलखात राबणाऱ्या गाड्यांना का देत नाही, हा प्रश्न मला त्या भिंतीकडे पाहताना पडतो.

भोरहून पुढे वरंध घाटाचा रस्ता लागतो. नीरेच्या खोऱ्यातून, निगुडघर आणि हिर्डोशी मागे टाकत, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनं तो वर चढतो आणि कावळ्या किल्ल्याची सोंड कापून कोकणात उतरतो. वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत, समोर शिवथरचं खोरं आहे, आणि तिथून महाडकडचा उतार सुरू होतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, कडेचा भराव खचतो आणि प्रशासनाला हा घाट वारंवार बंद करावा लागतो. अशा रस्त्यासाठी कोणतं यंत्र घडलं असेल तर ती जीप. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल आलं, ज्याचं उंच बॉनेट पाहून जीप ओळखायला आपण शिकलो. ते उंच बॉनेट रूपासाठी केलेलं नव्हतं. त्याखालच्या २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि पत्र्याला वर सरकावं लागलं. ताकद जेमतेम सत्तरेक अश्वशक्ती. आजच्या लहानशा हॅचबॅकलाही एवढी ताकद असते. पण जीपला पुढच्या-मागच्या चारही चाकांना जोर देणारी ट्रान्स्फर केस आहे, आणि तिच्यातला ‘लो’ लावला की गिअरचं प्रमाण जवळजवळ अडीचपट होतं. चाकं सावकाश फिरतात, पण हाती घेतलेला चढ सोडत नाहीत.

या जीपचा तीन गिअरचा बॉक्स तर शौकिनानं हातात घेऊनच समजून घ्यावा असा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. म्हणजे वळणावर गाडीचा दम तुटला आणि चालत्या गाडीत पहिला टाकायची वेळ आली, तर डबल क्लच मारावा लागतो. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला नेमका तेवढाच टोला द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडा अलगद आत सारायचा. टोला कमी पडला तर दात खरडतात, जास्त झाला तरी खरडतात, आणि तोवर गाडी मागे सरकू लागते. भरल्या जीपचं वजन, वळणाचा उतार आणि मागून येणारा ट्रक हे सगळं ध्यानात ठेवून हे काम दीड-दोन सेकंदांत उरकायचं असतं. घाट उतरताना ब्रेकवर भार न देता गाडी गिअरवर धरायची, कारण सलग ब्रेक दाबले तर ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात आणि पेडल हलकं लागतं. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरवाल्यांना उन्हाळ्यात आणखी एक काळजी असे. चढावर इंजिन तापलं की गाडीच्या इंधन पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी आचके देऊन बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून बसून राहायचं. हे ज्ञान कुठल्या परीक्षकाच्या गुणपत्रिकेत मावत नाही. ते घाटांनी चालकांच्या हातापायांत भरवलं आहे, आणि गाड्या भंगारात गेल्या की त्यांच्याबरोबर तेही जातं. जीप जपणं म्हणजे हा हातही जपणं, असं मी मानतो.

वेल्ह्याकडे जायचं तर नसरापूरला वळावं लागतं. बनेश्वरच्या झाडीवरून मार्गासनीला आलं की राजगड आणि तोरणा आपली ठाणी धरून बसलेले दिसू लागतात. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, पण माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे. विंझर, वेल्हे, पुढे भट्टी, केळद असा रस्ता आत आत जातो, आणि केळदजवळ मढे घाटापाशी गाडीचा रस्ता संपतो. तिथून कोकणात पायवाटेनंच उतरायचं. दुसरीकडे पाबे घाट चढून खानापूरमार्गे सिंहगडाच्या पायथ्याला येता येतं. या रस्त्यांवर जीपच्या जोडीनं ज्या गाडीनं राज्य केलं ती टेम्पो ट्रॅक्स. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बजाज टेम्पोनं ती आणली. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ साली हॅम्बुर्गच्या व्हिडाल कंपनीच्या सहकार्यानं उभी केलेली ही कंपनी, आधी गोरेगावला, मग आकुर्डीला. तीच आजची फोर्स मोटर्स. तिच्या तीन चाकांच्या हॅन्सिएट टेम्पोला लोक डुक्कर रिक्षा म्हणत, आणि त्या नावासकट ती गाडी बाजारपेठांचा कणा झाली. ट्रॅक्सची गोष्ट तर शौकिनांनी मन लावून ऐकावी अशी आहे. तिच्या बॉनेटखाली मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचा वंश आहे. हेच २.४ लिटरचं चार सिलिंडरी इंजिन मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं, जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ज्या मोटारीवर आयुष्यं काढली. त्या मोटारीची एखादी नीट राखलेली प्रत आपल्याकडच्या मेळाव्यात आली तर लोक तिच्या तीन टोकांच्या ताऱ्यासोबत फोटो काढतात. त्याच इंजिनाच्या भावकीनं वेल्ह्यात वडापची, म्हणजे सीटमागे भाडं देऊन जाणारी, माणसं खचाखच भरून, टपावर पोती आणि मागच्या पायरीवर दोघं उभे घेऊन वर्षानुवर्षं चढ ओढले. दोन गाड्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावायचंच असेल तर यंत्राच्या कसोटीवर लावा, आणि ट्रॅक्सची कसोटी अवघड होती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वारसा म्हणजे जे देखणं आणि दुर्मीळ ते. ट्रॅक्स चौकोनी पत्र्याचा डबा आहे, तिला कोण जपणार? देखणेपणाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, तरी इतकं म्हणतो की कामासाठी घडलेल्या रूपातही एक सच्चेपणा असतो आणि जीपच्या सपाट मडगार्डवर आज जगभरचे लोक जीव टाकतात तो त्यापायीच. दुर्मीळपणाचा मुद्दा मात्र उलटा फिरतो. ज्या गाडीला पहिल्या दिवसापासून मोल होतं ती गॅरेजमध्ये जपली गेली. ज्या हजारोंनी होत्या, त्या राबून संपल्या, कापल्या गेल्या. मुंबईची पद्मिनी टॅक्सी पाहा. रस्तोरस्ती दिसत होती तोवर तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेनं शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली आणि त्या आठवड्यात अख्ख्या शहराला गहिवरून आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. सर्वसामान्य गाडी दुर्मीळ होते ती अशी, एका मुदतीत, सगळीच्या सगळी. तेव्हा दुर्मीळ झाल्यावर जपू म्हणणं म्हणजे उशिरा जागं होणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो कायद्यातूनच येतो. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षं. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ही तरतूद झाली ही मोठी गोष्ट आहे, तिच्यामुळे कितीतरी गाड्या वाचतील. पण तिची व्याख्या वाचली की भोर-वेल्ह्याच्या गाड्या दाराबाहेर राहतात हे लक्षात येतं. नियम दुचाकींना आणि चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी चारचाकींना लागू आहे. म्हणजे तीन चाकांचा टेम्पो नाही, मालवाहू गाडी नाही, एसटी नाही, जास्त आसनांची ट्रॅक्सही उद्या तिची पन्नाशी भरली तरी नाही. लहान जीप व्याख्येत बसते, पण तिला दुसरी अट आडवी येते: गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आता गावाकडच्या जीपचा इतिहास आठवा. पेट्रोल परवडेना तेव्हा मालकांनी हरिकेन इंजिन उतरवून डिझेल बसवलं. पुढे तर महिंद्राच्याच जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन कारखान्यातून येऊ लागलं. कुणी मागे बाकं वाढवली, कुणी पाट्यांची पानं वाढवली, कुणी ताडपत्रीच्या जागी पत्र्याचं छत ठोकून घेतलं. या बदलांनीच ती जीप चाळीस-चाळीस वर्षं कामात राहिली.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. मोकळीक दिली तर कुणीही नव्या गाडीवर जुना पत्रा चढवून वारशाचा शिक्का मागेल. बनावट गाड्यांचा बाजार हा जगभरचा त्रास आहे. पण बनावट ओळखण्याचा मार्ग कागदपत्रांतून जातो. डिझेल इंजिन केव्हा बसवलं, त्याची नोंद आरटीओत झाली का, चॅसी क्रमांक जुळतो का, हे तपासता येतं. फसवणुकीच्या भीतीनं सगळे फेरबदल एकाच मापानं बाद करणं मला पटत नाही. आजीच्या गोधडीची ठिगळं उसवून मूळ लुगडं शोधायला कुणी बसत नाही. ठिगळं कुठून आली हे माहीत असणं हीच तिची किंमत. राबलेल्या गाडीचंही तसंच मानावं. राजाच्या गाडीचं मूळ रूप जपावं, कारण तिचा इतिहास त्या रूपात आहे. वडापच्या जीपचा इतिहास तिच्या बदलांत आहे, आणि नियमानं दोन्हींसाठी वेगळे रकाने करायला हवेत. नोंद झालेल्या, जुन्या काळातच केलेल्या फेरबदलांना मान्यता, आणि बस, टेम्पो, मालवाहू गाड्यांसाठी व्याख्येचा विस्तार, एवढी दुरुस्ती पुरेल.

एसटीचं दुखणं निराळं आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली. सुरुवातीच्या तीस बेडफोर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि बैठकीत काथ्या भरलेला असे. पुढे दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या लाल गाड्या घाटमाथ्यावरच्या मुक्कामी थांब्यांपर्यंत गेल्या. भोर आगाराच्या गाड्यांनी या दोन तालुक्यांतली गावं जगाला जोडली. आता १ एप्रिल २०२३पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी हा निर्णय योग्यच आहे, खिळखिळ्या बसमध्ये कोणाला बसवू नये. पण प्रत्येक मॉडेलची निदान एक बस चालू स्थितीत राखून ठेवायला काय हरकत आहे? खर्च आणि जागा कोण देणार, असं विचारलं जाईल. त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. नगरला लष्कराच्या चिलखती दलानं १९९४ साली रणगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. वापरातून गेलेली, वजनानं कित्येक टनांची ही यंत्रं आज शाळकरी मुलं जवळून बघतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी साध्यासुध्या सायकलींचं संग्रहालय खासगी जिद्दीनं केलं, ज्या सायकली एकेकाळी घरोघरी होत्या आणि पुढे रद्दीच्या भावानं गेल्या. लष्कराला जमलं, एका माणसाला जमलं, तर ज्या महामंडळाकडे स्वतःची कार्यशाळा आहे, जागा आहे आणि जुन्या गाडीचा नटबोल्ट ओळखणारे मेकॅनिक अजून आहेत, त्याला हे जमू नये असं मला वाटत नाही. मेकॅनिक निवृत्त होत आहेत, एवढं ध्यानात ठेवून ते लवकर व्हावं.

गाड्या जपल्या तरी त्या चालणार कुठे, हा शेवटचा आणि माझ्या आवडीचा भाग. मोटारस्पोर्ट म्हटलं की लोकांपुढे वेग येतो, आणि मग भोर-वेल्ह्याचं नाव त्यात घेऊ नये असं कुणालाही वाटेल. अरुंद रस्ते, वळणावर अचानक समोर येणारी गुरं, शाळेतून चालत परतणारी मुलं, दुधाच्या गाड्या. ही काळजी शंभर टक्के खरी आहे. सुट्टीच्या दिवशी पाबे घाटात आणि पानशेतच्या रस्त्यावर महागड्या बाइक भरधाव पळवणाऱ्यांमुळे गावकऱ्यांना जो ताप होतो, त्याला खेळ म्हणणं हा खेळाचा अपमान आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हाच आहे. पण मोटारस्पोर्टचा एक जुना, शहाणा प्रकार आहे: रेग्युलॅरिटी. त्यात जिंकतो तो सगळ्यांत वेगवान गडी नव्हे. आयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात, तोही कायद्याच्या मर्यादेत. नेव्हिगेटरच्या हातात रोड बुक असतं, त्यात प्रत्येक वळणाचं चित्र आणि अंतर. मधल्या गुप्त चौक्यांवर जो ठरल्या सेकंदाच्या जवळात जवळ पोचतो तो वरचा. उशीर झाला तर दंड आणि लवकर आलात तरी दंड. घाई करणाऱ्याला हा खेळ शिक्षा करतो.

याचा दाखला इटलीत आहे. मिले मिलिया ही ब्रेशिया ते रोम आणि परत अशी साध्या रस्त्यांवरची शर्यत १९२७पासून चाले. १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ फेरारीचा टायर फुटून आल्फोन्सो दे पोर्तागो, त्याचा सहकारी आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले; त्यांत पाच मुलं होती. शर्यत बंद झाली. वीस वर्षांनी, १९७७मध्ये, ती पुन्हा सुरू झाली ती रेग्युलॅरिटी म्हणून, त्याच काळातल्या गाड्यांसाठी. आज त्याच रस्त्यांवर गावकरी खुर्च्या टाकून जुन्या गाड्या बघायला बसतात. डाकर रॅलीनंही २०२१पासून जुन्या गाड्यांसाठी डाकर क्लासिक हा रेग्युलॅरिटीचा विभाग काढला आणि २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या संजय टकले यांनी टोयोटा लँड क्रूझरनं सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो पुरा केला. हे कसब पुण्यात आहे, गाड्या आहेत, आणि रस्ता तासाभरावर आहे. हिवाळ्यात, पाऊस आणि दरडींचा काळ टाळून, कापूरहोळ-भोर-भाटघर आणि नसरापूर-वेल्हे-पाबे अशी दोन दिवसांची रेग्युलॅरिटी व्हावी. रस्ता बंद करायचा नाही, गाड्या मोजक्याच आणि एकेक मिनिटाच्या अंतरानं सोडायच्या, शाळेची आणि दूध संकलनाची वेळ टाळायची, मुक्काम आणि जेवण गावांतच करायचं. आणि अट एकच: ट्रॅक्स, टेम्पो, जीप आणि जुनी एसटी यांना राजेशाही मोटारींच्या बरोबरीनं जागा. भरल्या रस्त्यावर ठरल्या मिनिटाला ठरल्या गावी पोचणं ही वडापवाल्याची आयुष्यभराची विद्या. या खेळात तो परक्या मोटारीच्या मालकाला सहज मागे टाकील, असं मला वाटतं.

धुराचा आक्षेप उरतो. जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा वाईट असतो, हे मान्य केलंच पाहिजे. पण वर्षातून मोजक्या दिवशी, मोजके किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा वाटा रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत नगण्य आहे, आणि व्हिंटेज नियमानं तो वापर आधीच बांधून टाकला आहे. जुन्या गाड्यांनाच उलट नव्या इंधनाचा त्रास होतो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर आहे. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे भाग खराब करतं. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी नळ्या बदलून घ्याव्यात आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ठेवू नये.

आणि भोर-वेल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. गोठ्यामागे, आंब्याखाली किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये घरची जुनी जीप उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी तिचं आरसी बुक शोधून काढा. पन्नास वर्षं मोजली जातात ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, आणि ती तारीख त्या कागदावर आहे. चॅसी नंबरची पट्टी घासून टाकू नका, आधीचं इंजिन कुठे पडलं असेल तर तेही ठेवा, डिझेल बसवल्याची पावती असेल तर तीही. गाडी दुरुस्त करता येते. हरवलेला कागद पुन्हा मिळवणं फार अवघड जातं.